उघड्या इंजिनाची पूजा

बैहरच्या घाटात माझ्या जुन्या जीपच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तडकलं. मी भरवेलीहून भंगारातल्या दुसऱ्या जीपचं हेड आणलं आणि घरीच बसवायला घेतलं. मिस्त्रीला कशाला विचारायचं, मीच तर शहाणा! बसवण्याआधी उघड्या इंजिनाची पूजा केली, मूठभर अक्षता वाहिल्या. बऱ्याचशा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या भोकांत पडल्या. म्हटलं, देवाला पोचल्या.

हेड बसवून निघालो, तर दोन मैलांवर बॉनेटमधून वाफ उसळली. जीप ढकलत मिस्त्रीकडे नेली. त्यानं हेड उचललं आणि भोकांतून पांढरा लगदा काढून दाखवला.

"सायेब, हे काय टाकलं इंजनात?"

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "चला, पंधरा वर्षांच्या संसारात तुमच्या हातानं एकदा तरी भात शिजला."