दोन घड्याळांच्या बाई

प्राची, ये, अशी आजीजवळ बस. तिकडे परदेशात बसून वाचणार आहेस हे ठाऊक आहे मला, तरी जवळ बस. आधी रागावून घेते. बाई गेल्या म्हणून कळवलं, तर तू जोडलेल्या हातांचं एक पिवळं चित्र पाठवलंस. बाईंसाठी तेवढंच? पण तुला तरी किती बोलू? बाई आपल्या घरी धावून आल्या, त्या दिवशी तू तिकडे आडवी पडली होतीस. आपल्या घरात काय चाललं होतं, ते तुला कुणी धड सांगितलंच नाही.

बाई दोन घड्याळं घालायच्या. डाव्या हातात पनवेलचं, उजव्या हातात पोरं गेलेली असतील त्या देशाचं. तुमच्या कॉलेजातून सहा-सहा महिन्यांसाठी पोरांना परदेशी शिकायला पाठवायचं काम त्यांच्याकडे. एकदा भाजीवालीने विचारलं, "बाई, एक बंद पडतं काय?" तर म्हणाल्या, "नाही गं, माझी निम्मी लेकरं अजून झोपलीत. तेवढं बघायला लागतं."

तुझी निवड झाली तेव्हा आपण पेढे घेऊन गेलो. दुसरं कुणी असतं तर पाठ थोपटली असती. बाईंनी पेढा नुसता हातात धरला आणि विचारलं, "तिथे आजारी पडलीस तर कुणाला सांगशील?"

"आईला," तू पटकन म्हणालीस.

"आई पनवेलला. ती रडेल, दुसरं काय करेल? तिथलं माणूस सांग." तू आईकडे बघितलंस. "मग गेल्यावर पहिल्या आठवड्यात एक माणूस शोध आणि मला नाव कळव. अभ्यास त्यानंतर." तेव्हा कुठे पेढा तोंडात टाकला. बाई भारीच खडूस आहे, असं मी वाटेत तुझ्या आईला म्हटलंसुद्धा.

तू गेलीस. न्हावा शेवा बंदरातून रोज देशोदेशी कंटेनर रवाना करणारा तुझा बाबा, पण तुझी एक बॅग त्याच्या हातून सुटेना. विमानतळावरच म्हणाला, "जरा काही झालं तर जाऊन घेऊन येईन. मग शिक्षण-बिक्षण काही नाही."

आणि झालं. तुझी तिथली पहिलीच संकष्टी, तिचा दुसरा दिवस. कॉलेजला पोचलीस की तू रोज फोन करायचीस, आपली तेव्हा दुपार असायची. त्या दुपारी फोन आला नाही. आईने लावला, तू उचलेनास. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद. आईची पोळी तव्यावर करपली, तरी तिला वास नाही.

तुझा बाबा बंदरावरून तसाच बुटांनिशी घरात शिरला. मागोमाग कामोठ्याहून माझ्या नणंदबाई रिक्षाने हजर. दारातूनच सुरू, "वयनी, आमी तवाच बोललो व्हतो, पोरीला नको धाडू. आयकला कोनी? नाय!" आई भिंतीला टेकून बसली. बाबा मोबाइलवर तिकिटं बघायला लागला.

तेवढ्यात बाई आल्या. आईनेच त्यांना कळवलं होतं. दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि उजवं मनगट पुढे घेऊन बघत राहिल्या. मी चहा ठेवला. म्हणाल्या, "फोन आल्यावर घेईन." तू कळवलेलं नाव त्यांच्याजवळ होतं, तुमच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरातली मार्टा. तिला फोन करूनच त्या निघाल्या होत्या. मार्टा तुला शोधायला गेली होती.

मग नुसतं बसणं. चहावर साय धरली. पंखा तेवढा कुरकुरत होता. बाबा म्हणाला, "बाई, मी तिकीट काढतोय." बाई म्हणाल्या, "काढा दादा. पण आधी तिचं ऐकू, मग काढा."

फोन वाजला. बाई इंग्रजीत बोलत होत्या. आम्हाला शब्द कळेना, आम्ही त्यांचं तोंड वाचत होतो. मग त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि तुझा आवाज आला, एवढासा, "आई, चंद्रच दिसला नाही गं."

साबुदाणा मिळाला नाही म्हणून दिवसभर नुसत्या पाण्यावर. आई म्हणाली होती चंद्र बघूनच सोड, आणि तिथे रात्रभर ढग. सकाळी तशीच उपाशी कॉलेजला गेलीस आणि जिन्यात चक्कर येऊन पडलीस. मार्टाला सापडलीस ती दवाखान्याच्या खोलीत.

"बास!" बाबा ओरडला. "मी येतोय न्यायला."

बाईंनी विचारलं, "प्राची, यायचंय परत?"

"नाही," तू म्हणालीस. रडत म्हणालीस, पण नाहीच म्हणालीस.

आई हुंदके देत म्हणाली, "पण बाई, न बघता सोडला असता तर मोडला असता ना उपवास?" शिकलेली बाई, मला वाटलं आता हसणार. त्या हसल्या नाहीत. आधी डाव्या घड्याळात बघितलं, मग उजव्या. "वहिनी, उपवास कुणाच्या घरचा? या घरचा. मग चंद्रही या घरचा धरा. तुम्ही गच्चीवरून बघायचा आणि फोन करायचा. की ती तिकडे जेवेल."

नणंदबाई उसळल्या, "तितं तवा ऊन असंल! उन्हात कवा चंद्राचा उपास सुटतो काय?"

"मावशी, गणपती बुद्धीची देवता ना? त्याला दोन घड्याळं कळतात."

आधी नणंदबाईच हसल्या. मग तुझ्या बाबाने खाली बसून बूट काढले, तेव्हा मी समजले की तू तिथेच राहणार. बाईंनी साय बाजूला करून तो गार चहा पिऊन टाकला.

तेव्हापासून दर संकष्टीला माथेरानच्या डोंगरावर चंद्र आला की आई गच्चीवरून फोन करते, "उगवला गं, जेव." आणि नणंदबाईंचं सांगू? नातवाला पुण्याला धाडताना त्याचा कान धरून विचारत होत्या, "तितं ताप आला तं कुनाला सांगशील?"

बाईंना शेवटचं भेटायला गेले, तेव्हा डाव्या हाताला सलाईन लावलेलं. ते घड्याळ उशाशी काढून ठेवलेलं, उजवं मात्र हातातच. मी म्हटलं, "बाई, आता तर रिटायर झालात. हे कुणाचं?"

"प्राचीचं. पुन्हा तिकडेच नोकरीला गेली ना?" जरा दम घेऊन म्हणाल्या, "आजी, तिला बोलवून घ्या. तिथलं माणूस शोध म्हणाले होते मी. इथली माणसं सोड, असं नव्हते म्हणाले."

तर बाळा, पुढच्या संकष्टीच्या आत ये. आईचे गुडघे दुखतात, तरी ती गच्ची चढते. मी मोदक करते. या खेपेला चंद्र उगवला की तिला फोन लावायला लावू नकोस. जिन्यातूनच हाक मारू दे.