शेकोटी कुणी पेटवली

"हात दाखव," ते म्हणाले.

मी दाखवले. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पेनाच्या टोकाने माझा तळवा उलटा केला. बोट लागू नये म्हणून. मासळी शिळी आहे का बघतानासुद्धा माणूस बोट लावतो. ह्यांनी तेवढंही केलं नाही.

तळव्यात लाकडाची कुसळं रुतली होती, दोन ठिकाणी सुजलं होतं. "बघा," ते प्रिन्सिपल मॅडमना म्हणाले, "लाकडं ह्यांच्याच घरची." मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. दाराशी माझे अब्बा उभे होते, हातात स्कूलबसच्या चाव्या. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

ते म्हणजे आमच्या मस्कतच्या शाळेतल्या पालक समितीचे अध्यक्ष. मूळचे पुण्याचे, इथे स्वतःची कंपनी, मुलगा आमच्या बारावीचा हेड बॉय. अब्बा रत्नागिरीकडचे, एकोणीस वर्षं त्याच शाळेची बस चालवत होते. वयाने अध्यक्षांपेक्षा मोठे. तरी अध्यक्ष त्यांना अरेतुरे करायचे आणि अब्बा त्यांना साहेब म्हणायचे. आम्ही राहायचो हमरियात, एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांत.

शेकोटीची रीत जुनी. थंडी पडली की बारावीची मुलं समुद्रावर जातात. पहिली काडी हेड बॉय लावतो, मग प्रत्येक जण आपलं अकरावीचं जर्नल आगीत टाकतो. लाकडं मात्र दर वर्षी अब्बा आणायचे. हमरियातल्या दुकानांमागे माल उतरवलेल्या लाकडी पॅलेटी पडलेल्या असतात. त्या मागून आणायच्या, फोडायच्या, बसमध्ये भरायच्या. त्या वर्षी अब्बांची पाठ धरली होती. म्हणून फोडल्या मी.

आणि त्याच वर्षी बलदियाचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र शाळेत आलं. वाळूवर उघडी आग चालणार नाही. पायांवर उभी राहणारी शेगडी हवी, तीही नेमून दिलेल्या जागी. अब्बांनी अध्यक्षांना विचारलंसुद्धा. "तू गाडी चालव," एवढंच उत्तर मिळालं.

आम्ही बावीस जण होतो. संध्याकाळची, मगरिबची अजान झाल्यावर हेड बॉयने काडी लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला छान वाटत होतं. वर्गातलं कुणीतरी पहिल्यांदाच मला थँक्यू म्हणालं होतं.

अर्ध्या तासात बलदियाची गाडी आली. मुलांची धांदल उडाली. त्यांनी पायांनी वाळू लोटून आग झाकून टाकली. वर सपाट वाळू, आत लाल निखारे. इन्स्पेक्टर वयस्कर ओमानी होता. आगीपेक्षा तो त्या वाळूवर चिडला. "रेती नहीं, पानी," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "सुबह बच्चा आएगा, नंगा पैर." गाडीतला पाण्याचा कॅन त्याने स्वतः आणून ओतला. वाळूतून फसफसत वाफ निघाली. नियम कशासाठी आहे ते मला तेव्हा कळलं.

आग कुणी लावली, असं त्याने विचारलं. बावीस जणांची दातखीळ बसली. माझीही. मग त्याने बसचा नंबर लिहून घेतला.

बसचा नंबर म्हणजे अब्बा. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्या ऑफिसात होतो आणि बलदियाला द्यायचा कागद तयार होता. आग ड्रायव्हरने लावली, मुलांना नियम ठाऊक नव्हता. अध्यक्षांनी समजावून सांगितलं की दंडाचं शाळा बघून घेईल, नाव तेवढं ह्याचं. त्यांच्या मुलाला परदेशी अ‍ॅडमिशन घ्यायची होती, त्याच्या नावावर डाग नको होता. अब्बांच्या नावाचं काय, हे कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांचा व्हिसा दोन महिन्यांत संपत होता आणि तो शाळेच्या हातात होता.

माझा तळवा उलटवणारं पेन अध्यक्षांनी अब्बांपुढे धरलं. "सही कर. खलास."

अब्बांनी पेन घेतलं. मला हळूच म्हणाले, "जाऊ दे गो. येक सहीच तर हाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. राग अध्यक्षांचा आला होताच, पण त्याहून माझा स्वतःचा आला होता. काल वाळूवर मी तोंडाला कुलूप लावलं म्हणून आज माझा बाप चोरासारखा उभा होता.

मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. "काडी तुमच्या मुलाने लावली. लाकडं मी फोडली. अब्बा बसमध्ये बसले होते."

"तुझ्या बापाचा व्हिसा कोण करतं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

मी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर बावीस नावं लिहिली. पहिलं माझं, त्यापुढे लाकडं. दुसरं हेड बॉयचं, त्यापुढे काडी. कुसळं ठणकत होती, अक्षर वेडंवाकडं आलं. त्याच दुपारी तो कागद मी बलदियात त्या इन्स्पेक्टरच्या टेबलावर ठेवला. त्याने शाबासकी दिली नाही. माझ्या नावाखाली रेघ मारली आणि दंड मलाही लावला. लाकडं माझी होती, रेघ बरोबर होती.

अब्बांचा व्हिसा झाला नाही. ते गावी गेले. सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. आता फोनवर तब्येत विचारतात, त्या सकाळचा विषय काढत नाहीत.

मी इथेच आहे, बारावीनंतर नोकरीच्या व्हिसावर. माबेलात तिघींबरोबर एका खोलीत राहते, एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. मन ठिकाणावर नसतं. सारखं वाटतं, कुणीतरी परत हात दाखव म्हणणार. परवा अर्बाबने, म्हणजे माझा व्हिसा ज्याच्या हातात आहे त्या मालकाने, एक कागद पुढे केला. मी न तपासलेला माल मी तपासला, असं त्यावर लिहिलं होतं. यल्ला, चल, सही कर, म्हणाला. मी कागद तसाच परत सरकवला.

माझ्या व्हिसाला दोन महिने उरलेत. जे मी केलं त्याखाली माझं नाव मी स्वतः लिहीन. जे केलं नाही त्याखाली माझी सही मिळणार नाही. माझ्या बापाचीसुद्धा मिळाली नव्हती.