वयनीचा नंबर

मला शुगर निघाली त्याला आता बरीच वर्षं झाली. ऑफिसात मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत मी आवक-जावकच्या टेबलावर बसते. डब्यातला भात बंद केला तेव्हा वजन वाढलं म्हणून सांगितलं, आणि धानाच्या जिल्ह्यात राहून भात न खाणाऱ्या बाईकडे चार दिवस सगळ्यांनी पाहिलं, मग सोडून दिलं. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या मी पाणी प्यायला उठल्यासारखं करून घ्यायची.

एका रविवारी घराजवळच्या हॉलमध्ये शुगर तपासणीचा फुकट कॅम्प लागला होता. मी गेले, बोट टोचून घेतलं, एका कागदावर नाव आणि मोबाइल नंबर लिहून सही केली. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. कुठल्यातरी औषध कंपनीची मुलगी हिंदीत बोलायची. आवाज गोड. शुगर मुळापासून घालवणारी पावडर आहे, तीन महिन्यांचा कोर्स आहे, गोळ्या सुटतील, सुई असेल तर तीही सुटेल. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून फोन. तो ब्लॉक केला तर तिसरा. जेवताना, आंघोळीला जाताना, रिक्षात. अनोळखी नंबर उचलायचाच नाही असं ठरवलं असतं, पण माझं कामच तसं. जिल्ह्यात बिरशापासून कटंगीपर्यंत कुठल्याही ऑफिसातून कोणीही बाबू आपल्या मोबाइलवरून विचारायचा, आमचं पत्र पोचलं का म्हणून.

एकदा साहेबांच्या खोलीत बैठक होती. मी फायलीत एक पत्र शोधत होते, फोन वाजला, घाईत उचलताना स्पीकरवर पडला. "मैडम, शुगर अब कितना रहता है आपका? पैरों में झुनझुनी होती है क्या?" सात-आठ माणसं बसली होती. कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "बाहर जाकर बात कर लीजिए." दुपारपर्यंत एकीने मला कारल्याच्या रसाचं सांगितलं, दुसऱ्याने आपल्या वडिलांचा पाय कसा कापावा लागला ते सांगितलं. सगळे चांगल्या मनानेच बोलत होते.

संध्याकाळी घरी चहा घेत असताना त्याच मुलीचा फोन आला. मी म्हटलं, मला पुन्हा फोन करू नका, हात जोडते. ती म्हणाली, "ठीक है मैडम, आपका नंबर लिस्ट से हटा देती हूँ. बस फैमिली में किसी और को शुगर हो तो उनका नंबर दे दीजिए."

मी वयनीचा नंबर दिला.

रागाच्या भरात दिला असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. पण राग दुपारीच येऊन गेला होता. त्या वेळी मी शांतपणे बसून, दहाही आकडे सावकाश सांगितले. तिने परत वाचून दाखवले, मी हौ म्हटलं.

वयनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. ती आमच्या घरी आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि तेव्हापासून ती मला बाई म्हणते, तुमी म्हणते. माझ्या वेण्या तिने घातल्या, तरी तुमीच. भाऊ वारला त्यानंतर ती कटंगीला मुलाजवळ राहते. तिलाही शुगर. गोळ्यांशिवाय रोज सकाळी पोटात सुई घ्यावी लागायची, आणि त्या सुईचा तिला मनापासून कंटाळा.

मला फोन यायचे बंद झाले. मी सुखात होते. मधल्या काळात वयनीशी दोन-तीनदा बोलणं झालं, कंपनीचं तिने काही काढलं नाही, मीही काढलं नाही. एकदा म्हणाली, "आता मले हलकं वाटून राह्यलं, बाई." मला बरं वाटलं. कशाने हलकं वाटतंय हे मी विचारलं नाही.

धानाची कापणी संपत आली होती तेव्हा तिच्या मुलाचा, माझ्या भाच्याचा, फोन आला. वयनीला बेशुद्ध अवस्थेत बालाघाटला आणत होते. दवाखान्यात मी आधी जाऊन उभी राहिले. शुगर इतकी चढली होती की मशीन आकडाच दाखवत नव्हती. उजव्या पायाच्या बोटांत जखम होती, काळी पडलेली, आणि तिला ती कळलीसुद्धा नव्हती. भाच्याने पिशवीतून हिरवी पाकिटं काढून डॉक्टरांपुढे ठेवली. वयनीने सुई आणि गोळ्या सोडून दोन महिने तीच पावडर खाल्ली होती. चौथ्या दिवशी तिची दोन बोटं काढली.

भाचा कटंगीत हार्डवेअरचं दुकान चालवतो, शांत माणूस आहे. पण त्या दिवशी वॉर्डात तो खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "आत्या, मले फक्त येवढं समजलं पाह्यजे, का आईचा नंबर त्या लोकायले देल्ला कोनं."

मी डब्याचं झाकण लावत होते. लावत राहिले. वयनी डोळे मिटून पडली होती, ती तशीच म्हणाली, "भेटला असन कुठून. आजकाल नंबर काय, सगळ्याइचे सगळीकडे भेटतात." मला वाटलं, गुंगीत बोलते आहे.

त्याला पोलिसांत अर्ज द्यायचा होता. त्याची हिंदी बोलायला पक्की, पण अर्ज लिहायचा म्हणजे मी. पंचवीस वर्षं मी दुसरं केलं काय. माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून मी अर्ज लिहिला, तो समोर बसून सांगत होता. पाकिटांवरचा पत्ता लिहिला, फोन नंबर लिहिले, दवाखान्याचे कागद जोडले. मग तो म्हणाला, नंबर कसा गेला ते बी लिहा. मी लिहिलं, "प्रार्थी की माता का मोबाइल नंबर उक्त कंपनी को किस प्रकार प्राप्त हुआ, यह ज्ञात नहीं है." अक्षर नेहमीसारखं आलं. त्याने वाचून सही केली, आणि म्हणाला, "तुमच्यासारखं कोनाले लिवता येत नाही, आत्या."

अर्जाचं पुढे फार काही झालं नाही. ते नंबर बंद लागत होते, आणि पाकिटावरच्या पत्त्यावर तशी कंपनीच नव्हती. भाचा काही दिवस फेऱ्या मारत राहिला, मग दुकानाच्या कामात अडकला.

वयनीला दवाखान्यातून घरी सोडल्यावर मी एक आठवडा रजा टाकून कटंगीला गेले. पट्टी बदलायला नर्स एक दिवसाआड यायची, मधल्या दिवशी मी बदलायची. तिथे मला कोणी नंबराचं काही विचारत नव्हतं. सगळे उलट माझं कौतुक करत होते, नोकरी बाजूला ठेवून नणंद भावजयीचे पाय धुते म्हणून. शेजारच्या बायका येऊन पाहून जायच्या. चौथ्या दिवशी मला ते ऐकवेना. भाचा दुकानात गेला होता, सून अंगणात कपडे वाळत घालत होती. मी वयनीचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. खाली पाहूनच म्हटलं, "वयनी, त्या कंपनीले तुझा नंबर म्या देल्ला."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

"त्या पोरीनं पयल्याच दिवशी सांगतलं. म्हने आपकी ननद ने नंबर दिया है. तुमचं नाव बी घेतलं तिनं."

"मंग तू बोलली काहून नाही?"

"बोलाचं काय त्याच्यात. मले वाटलं, बाईनं सोता खाऊन पाह्यलं असन, गुन आला असन, म्हून माहा नंबर देल्ला. तुमी शिकलेल्या. मी तं दुसऱ्या कोनाचं ऐकलंच नसतं." मग तिने विचारलं, "तुमी नोयतं खाल्लं काय?"

"नाही."

"एक दिवस बी नाही?"

"नाही, वयनी. माह्या मागचा फोन सुटावा म्हून देल्ला."

बाहेर सून बादली आपटून पाणी झटकत होती. वयनी म्हणाली, "मंग मीच कशी आठवली तुमाले?"

खरं उत्तर मला माहीत होतं. शुगर असलेली माणसं माझ्या ओळखीत पुष्कळ होती. जाऊ होती, शेजारीण होती, ऑफिसातले होते. मी म्हटलं, "तू रागावनार नाही, म्हून."

"हौ," ती म्हणाली. "हे बराबर हाय."

तिने पाय काढून घेतला नाही. मी पट्टी बांधली, ती सैल बसली, पुन्हा सोडून बांधली. मी म्हटलं, आज संध्याकाळी मी पोराला सांगते. तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. "त्याले काही सांगू नोका. तो तुमच्याशी बोलनं सोडून देईन. मंग माह्याघरी माहेरपनाले कोन येईन? तुमीच तं येता."

त्या दिवसापासून ती माझ्याशी पहिल्यासारखीच बोलते. बाई म्हणते. फक्त एक फरक पडला आहे. मी तब्येतीचं काही सांगितलं, ही गोळी जेवणाआधी घे, पायात चप्पल घाल, असं काही, की ती ऐकून घेते आणि मग मुलाला सांगते, डॉक्टरला विचार बरं. मला त्याचं वाईट वाटायचा हक्क नाही, तरी वाटतं.

दर दुसऱ्या रविवारी मी कटंगीला जाते. परतताना भाचा गाडीवर मला बस स्टँडला सोडतो, खिडकीची जागा मिळाली का पाहतो, आणि बस सुटायच्या आधी पायाला हात लावतो. मागच्या वेळी म्हणाला, "तुमी हाय म्हून आईचं ठीक हाय, आत्या." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कंडक्टरसाठी सुट्टे पैसे काढायला लागले.