मामा अजून संपावर आहेत

संपावर जाणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण मालक परागंदा झाला, कारखाना भंगारात गेला, त्या जागेवर मंगल कार्यालय उभं राहिलं, तरी संपावरच असलेला माणूस मी एकच पाहिला. आणि नेमके तेच माझे मामेसासरे निघावेत हे माझं नशीब. "रिटायर होऊन बरीच वर्षं झाली असतील ना?" असं कुणी सहज विचारलं की मामा शांतपणे सांगतात, "नाय हो. मी संपावर आहे. संप अजून मागं घेतलेला नाय." मी नाशिक रोडला सरकारी नोकरी करणारा माणूस. संप म्हटलं की मला आधी पगारकपात आठवते. आमचं लग्न ठरवताना माझ्या आईने "मुलीचे मामा काय करतात?" असं विचारलं, तेव्हा सगळी बैठक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली आणि शेवटी मामांनी स्वतःच खणखणीत आवाजात खुलासा केला.

संपावरच्या माणसाने घरकामाला हात लावायचा नसतो, असा मामांचा सिद्धांत आहे. तो कुठल्या कायद्यात बसतो हे विचारायची सोय नाही. मामी पहाटे उठून सातपूरच्या कारखान्यांतल्या पोरांचे डबे करते. त्यावरच घर चाललं, दोन्ही मुली शिकल्या. मामा ओट्याजवळ खुर्ची टाकून तिला जगातल्या कामगारांची परिस्थिती समजावून सांगतात. एकदा गॅसची टाकी दारात येऊन पडली होती. मामी म्हणाली, "अहो, जरा आत घेता का?" मामा म्हणाले, "मागणी रास्त आहे. चर्चेला बसू." शेवटी टाकी मी आत घेतली आणि आठवडाभर कंबर धरून फिरलो.

असा हा माणूस मे महिना आला की मात्र झपाटल्यासारखा राबतो, कारण कॉलनीच्या सभागृहात त्यांचा श्रमिक चित्रपट महोत्सव असतो. चित्रपट परदेशी, कुठल्या भाषेतले ते मामांनाही ठाऊक नसतं. म्हणून मामा पडद्याशेजारी माईक घेऊन उभे राहतात आणि गोष्ट मराठीत सांगतात. आपल्याला ती भाषा येत नाही, ही अडचण त्यांना कधी जाणवली नाही. कोट दिसला की मॅनेजर, टोपी दिसली की आपला माणूस! एका वर्षी ते अर्धा तास मोर्चाचं वर्णन करत होते. पुढे एका जोडप्याने एकमेकांच्या बोटात अंगठ्या घातल्या तेव्हा ते वऱ्हाड आहे हे आमच्या लक्षात आलं. मामा डगमगले नाहीत. "समझोता झाला," म्हणाले. आपण काय बघतोय ते कुणालाच कळत नाही, तरी लोक येतात, कारण मामांच्या महोत्सवात कामगार हटकून जिंकतात. मामा "मागण्या मान्य" असं जाहीर करतात, टाळ्या पडतात आणि मामी चहा आणते.

या वर्षी एका वर्कशॉपमधल्या कंत्राटी बाया आल्या होत्या. पगारवाढीसाठी त्या गेटबाहेर बसल्या होत्या, आणि ठेकेदाराने निरोप धाडला होता की उद्या जुन्या पगारावर आत या, नाहीतर येऊच नका. काय करावं ते त्यांचं ठरत नव्हतं. पडद्यावर एक मोठं गेट उघडलं आणि माणसं एकेक करून आत जायला लागली. "मागण्या मान्य," मामा म्हणाले. "बघा, कामावर चालले."

टाळ्या पडल्या नाहीत. त्या बायांतली सुनीता उभी राहिली. "मामा, मग माना खाली घालून का चाललेत?"

"लाजतायत."

"आन् बाया का रडतायत?"

"आनंद झालाय त्यांना."

"आनंदाचं रडणं असं नसतं हो मामा. आम्हाला उद्याचं ठरवायचंय. खरं काय ते सांगा ना."

मामा पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माईक तोंडापासून खाली घेतला.

"हरले," मामा म्हणाले. "आम्ही पण हरलो होतो. कुणाला बोललो नाय."

"मग संपावर गेलात ते चुकलं का तुमचं?"

"ते मला अजून समजलेलं नाय, पोरी. तुम्ही तुमचं ठरवा. पण हरलात तर घरी जाऊन सांगा. लगेच सांगा. नंतर जमत नाय."

मामी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने तो खुर्चीवर ठेवला, पदराला हात पुसले आणि सरळ मामांपाशी गेली. "संपला ना संप?" ती हळूच म्हणाली. "मग आता घरी या."

मामांनी मान डोलावली. माईक माझ्या हातात दिला आणि ते तिच्यामागून निघाले. पडद्यावर तोवर पुढचा चित्रपट सुरू झाला होता. कुठलीशी खाण होती, काळीठिक्कर माणसं काहीतरी ओरडत होती, आणि सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. "हे तरी जिंकतात का हो, भाऊ?" सुनीताने विचारलं. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. इतक्या मायेने खोटं बोलायला जी छाती लागते, ती माझ्याकडे कुठून असणार? "ठाऊक नाही," मी म्हटलं, आणि माईक बंद करून त्यांच्यात जाऊन बसलो.