चारशे नव्वदची चिठ्ठी

लातूरच्या क्लासवाल्या गल्लीत रामकिशनशेठचं दुकान होतं. कॅल्क्युलेटर, सीड्या, व्हिडिओ गेम असला माल. तिथं पंचाक्षरी जवळपास बारा वर्षं काउंटरला उभा होता आणि दुकानातल्या प्रत्येक खोक्यावरची किमतीची चिठ्ठी त्याच्या हातची होती. त्याचं अक्षर छापल्यासारखं, म्हणून शेठनं चिठ्ठ्या छापायचं मशीन कधी आणलंच नाही.

याच अक्षरानं त्याला पोटापाण्याला लावलं होतं. भूकंपात घर गेलं, आई गेली. मग तो पत्र्याच्या शेडात मदतीच्या याद्या लिहीत बसायचा. ब्लँकेटं वाटायला आलेल्या शेठनं त्या याद्या पाहिल्या आणि त्याला परतीच्या ट्रकमध्ये बसवून लातूरला आणलं. तेव्हापासून शेठपुढं त्याची मान जी खाली गेली ती गेलीच. उपकार करणारे विसरतात म्हणे. हे शेठ विसरणाऱ्यांतले नव्हते.

दोन हजार पाचचा जून. दहावीचा निकाल लागला होता. गावोगावचे आईबाप पोरांना अकरावी सायन्सला घालायला लातुरात उतरत होते. व्हिडिओ गेमच्या कपाटासमोरून जाताना ते पोरांना दंडाला धरून पुढं ओढत. माल पडून राहिला, म्हणून शेठनं सूट लावली. पंचाक्षरीनं एका बैठकीत सगळ्या खोक्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. चौदाशे नव्वदच्या एका चिठ्ठीवर सुरुवातीचा एक लिहायचा राहून गेला.

नेमकं तेच खोकं कोंडाबाईनं उचललं. शिरूर अनंतपाळची बाई, पन्नाशीची. तिच्या बुद्धप्रियाला चांगले मार्क पडले होते, लातूरच्या हॉस्टेलात जागाही मिळाली होती. पोरीनं आजवर आईकडं काही मागितलं नव्हतं. आता हा हातात धरून खेळायचा गेम तेवढा मागितला होता.

पंचाक्षरी किंमत सांगणार, तोच बाईनं हात वर केला.

"थांबा दादा. मी वाचते."

एकेका आकड्याखाली बोट ठेवत तिनं वाचलं. चार. नऊ. शून्य. मग मान वर करून म्हणाली, चारशे नव्वद. बरोबर हाय का? पंचाक्षरी बरोबर म्हणाला. तो चिठ्ठीकडं बघतच नव्हता, बाईच्या तोंडाकडं बघत होता. भूकंपानंतर तीही शेडात राहिली होती. यादीतलं स्वतःचं नाव तिला ओळखता आलं नाही. तिच्या नावापुढं भलतीनंच अंगठा उठवला आणि तिच्या वाटणीची भांडी नेली. त्या रागानं ती चाळिशीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन बसली होती. हे सगळं तिनं हसत सांगितलं. उद्या पैसे घेऊन येते म्हणाली. पंचाक्षरीनं खोकं तिच्यासाठी बाजूला ठेवलं.

दुकान वाढवताना शेठच्या हाताला ते खोकं लागलं. ते ओरडले नाहीत. नवी चिठ्ठी लिहायला लावली आणि बजावलं, कुणी आलंच तर वाचायची चूक झाली म्हणून सांगायचं. आधीच्या सेल्समनला अशाच चुकीपायी त्यांनी ऐन दिवाळीत घरी बसवलं होतं. पंचाक्षरीला तर बसायला घरही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडाबाई आली. चिठ्ठीवर बोट फिरवता फिरवता अडली. काल चारशे नव्वद होतं, म्हणाली. गल्ल्यावरून शेठ बघत होते.

चूक माझी, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पंचाक्षरीच्या ओठावर ते आलंही होतं.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "कालबी हेच होतं. तुमची वाचायची चूक झाली."

बाई भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. चिठ्ठीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"आसंल दादा. म्हातारपणी शिकलेलं, कच्चंच ऱ्हानार. उगं तुमाला तरास."

तिनं पैसे पुन्हा पदराला बांधले आणि पायरी उतरली. शेठनं त्याच्यासाठी चहा मागवला. तो त्यानं प्यायलाही, आणि त्या चहाची लाज त्याला पुढं कितीतरी दिवस पुरली.

दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावाला निघालेला पंचाक्षरी एसटी स्टँडवर उभा होता. समोर कोंडाबाई. गाडीच्या कपाळावर हातभर अक्षरात शिरूर अनंतपाळ लिहिलेलं, आणि बाई त्या पाटीखाली उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, गाडी कुठली. त्याला बघताच तिनं ओळखलं, हसली.

"बरं झालं दादा भेटले. ही शिरूरचीच का?"

"पाटी समोरच हाय मावशी. वाचा की."

"आता वाचत न्हाई मी. चुकतंय माझं. तुमाला तर ठावंच हाय."

आज मागं शेठ नव्हते. पंचाक्षरीनं सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी त्यानं चुकवली होती, तिनं बरोबर वाचलं होतं, खोटं तो बोलला होता. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या दंडावर हात ठेवला.

"लई चांगले हाव तुमी. माझं मन राखायला म्हनताव." मग तिनं पिशवी उचलली. "सांगा आता, हीच का?"

"हीच," पंचाक्षरी म्हणाला.

ती गाडीत चढली. चढल्यावर तिनं कंडक्टरलाही एकदा विचारून घेतलं.