ऊन न सरणाऱ्या बंदरातली चतुर्थी

आज संकष्टी. वसतिगृहाच्या गच्चीवर मुली चंद्राची वाट पाहत बसल्या, की मला आमच्या गावचे बापूसाहेब आठवतात. वाईट वाटतं म्हणायला, पण किळसच येते.

मी दहावीत होते. जहाजाची सफर करून आलेले बापूसाहेब ओसरीवर गावकऱ्यांना उत्तरेकडच्या एका बंदराचे फोटो दाखवत होते. लाल घरं, धक्का, त्यांच्या ताटातला तळलेला मासा. तेव्हा मला समुद्राचंच अप्रूप होतं. आता आठवतात त्या फोटोंच्या कडेला उभ्या, सुकलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू.

"अर्ध्या रात्रीपर्यंत ऊनच राह्यते तिथं! हिची चतुर्थी होती. चंद्र निघेचना, अन् हे दिवसभर उपाशीच हिंडून राह्यली माह्यामागं!"

सगळे हसले.

मी भीतभीत विचारलं, "मग काकू कधी जेवल्या?"

"मले काय माईत? मी झोपलो होतो," म्हणत त्यांनी पुढचा फोटो काढला.