दुश्मनाच्या घरी गेलेली पेटी

मुलुंड पूर्वेच्या विमला तावडेने शेजाऱ्याला वगळून आंब्याची पेटी कधी फोडली नाही. देवगडला तिच्या माहेरी भाऊबंदांचे खटले कोर्टात चालत, पण पहिल्या काढणीचे आंबे बांधापलीकडे जातच. तीच रीत तिने नवऱ्याला लावली होती. बाळा तावडे आखातातल्या एका छोट्या अमिराच्या सल्लागाराचा सेक्रेटरी. दर मे महिन्यात विमला पेट्या पाठवी आणि बाळा त्या पोचत्या करी. अमिराच्या वाड्यावर, सल्लागारसाहेबांकडे, आणि साहेबांच्या बंगल्याशेजारीच असलेल्या, पलीकडच्या देशाच्या राजाच्या वकिलातीतही.

यंदा पेट्या पोचल्या आणि अमिराचं त्या राजाशी समुद्रातल्या गॅसवरून फाटलं. कालपर्यंत सलोखा सांगणारे सल्लागार फितूर ठरले, भांडा म्हणणारे अमिराच्या शेजारी बसू लागले. साहेब नजरकैदेत गेले. बाळाचा पासपोर्ट काढून घेतला.

शनिवारी त्याचा फोन आला.

"विमल, वकिलातीत पेटी कोणी पाठवायला लावली, विचारतायत. साहेबांचं नाव घेतलं तर लगेच घरी सोडतील."

"त्यांनी सांगितलं होतं?"

"त्यांना आंबा आवडतसुद्धा नाही गं! तू सांगितलंस."

"मग तसं सांगा."

"बायकोने सांगितलं म्हणू? हसतील. नाहीतर आत टाकतील."

"बाबा, घ्या ना साहेबांचं नाव," लेक जान्हवी फोनवर वाकून म्हणाली. "त्यांची वाट लागलीच आहे."

विमलाने तिला बाजूला सारलं. मागे बाळाला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा विमला इथे व्हिसाची वाट बघत होती, आणि तिकडे इस्पितळाच्या बाकावर साहेब बसून होते.

"माझा नंबर द्या त्यांना," ती म्हणाली.

रविवारी दुपारी परक्या नंबरवरून दुभाष्या हिंदीत बोलला. "दुश्मन को आम क्यों भेजा?"

"हमारे में पड़ोसी को देते हैं."

"झगड़ा हो तो भी?"

"तब तो पहले उसको. नहीं तो बोलेगा, बचा हुआ दिया."

पलीकडे कोणी हसलं नाही. अरबीत काहीतरी कुजबुज झाली. "आपके आदमी ने किसके कहने पर किया?"

"मेरे. घर में आम का मैं बोलती हूँ, दूसरा कोई नहीं."

फोन ठेवला गेला. जान्हवी आईशी बोलेना.

पुढच्या आठवड्यात बाळा एका बॅगेनिशी दारात उभा राहिला. नोकरी गेली, पुन्हा तिकडे पाऊल ठेवायचं नाही म्हणून पासपोर्टवर शिक्का.

"साहेब?" विमलाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ठाऊक नाही," बाळा म्हणाला. "आपल्याकडून त्यांचं नाव गेलं नाही, एवढंच."